३० मीटरला सर्वांत वेगवान, पण वळताना मागे: चपळाईसाठी नेमकं काय करून घ्यायचं?

प्रश्न – बाजूरेषा

सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघातल्या दोन बचावपटूंबद्दल विचारायचं आहे. त्यांना अ आणि ब म्हणू. दोघांचंही वय १६ आणि वजन जवळपास सारखंच. वेळ टायमिंग गेटने (खेळाडू मधून गेला की आपोआप वेळ नोंदवणारं उपकरण) घेतलेली आहे.

अ: १० मीटर १.८० सेकंद, ३० मीटर ४.२८ सेकंद. ५-०-५ चाचणीत (धावत येऊन ५ मीटर पुढे, १८० अंशांत वळून ५ मीटर परत) उजवा पाय रोवून वळताना २.३८, डावा पाय रोवून वळताना २.५२.

ब: १० मीटर १.९३, ३० मीटर ४.५५. ५-०-५ मध्ये उजवा पाय २.४४, डावा २.४५.

सरळ शर्यतीत अ सहज पुढे असतो. पण सामन्यात समोरचा खेळाडू आत जातोय असं दाखवून बाहेर निघाला की अ दोन पावलं मागे पडतो. ब मात्र अशा वेळी बहुतेकदा चेंडूपाशी असतो. सध्या सरावाच्या शेवटी २० मिनिटं लॅडर (जमिनीवर पसरलेल्या शिडीच्या चौकटींत भराभर पाय टाकणं) आणि झिगझॅग मार्कर चालू आहेत, आठवड्यातून तीनदा. लॅडरमध्ये अ चे पाय आता फार सफाईने पडतात, पण ५-०-५ ची वेळ हललेली नाही. टी-टेस्टही (इंग्रजी टी आकारात धावण्याची चाचणी) तिथेच आहे.

लॅडर वाढवावी की थांबवावी? आणि इतका वेग असलेला मुलगा वळताना मागे का पडतो?

---

उत्तर १ – घड्याळ_आणि_फीत

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. ५-०-५ च्या वेळेतून १० मीटरची वेळ वजा करा. दोन्हीकडे अंतर दहाच मीटर आहे. एकात सरळ धाव आहे, दुसऱ्यात मध्ये १८० अंशांचं वळण आहे. जो फरक उरतो ती ढोबळमानाने वळणाची किंमत.

अ: उजव्या पायावर ०.५८, डाव्या पायावर ०.७२.
ब: ०.५१ आणि ०.५२.

नुसती ५-०-५ बघितली तर उजव्या पायावर अ हा ब पेक्षा ०.०६ ने चांगला दिसतो. प्रत्यक्षात तिथेही वळणात तो जास्त वेळ घालवतो आणि सरळ पट्ट्यात भरून काढतो. डाव्या पायावर तर भरून काढायलाही वेग पुरत नाही. त्याच्या दोन बाजूंतला फरक जवळपास ६ टक्के आहे. ब चा जवळजवळ शून्य.

टी-टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती दहा-अकरा सेकंदांची चाचणी आहे. सरळ धाव, दोन्ही बाजूंना सरकत जाणं, मग मागे पळत येणं, सगळं एकाच आकड्यात मिसळतं. इलिनॉय चाचणीचंही (मार्करभोवती वळत धावण्याची चाचणी) तेच. तिथे वेळेचा मोठा हिस्सा सरळ धावण्यातच जातो, त्यामुळे वेगवान मुलगा वळणात कच्चा असूनही चांगला आकडा काढून जातो.

पण निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, सुरुवातीची जागा. पुढचा पाय पहिल्या गेटच्या किती मागे ठेवता? ३० सेंटिमीटर ठरवलं तर प्रत्येकाला, प्रत्येक वेळी ३०च. मागे जास्त जागा मिळाली की खेळाडू गेट ओलांडतानाच वेगात असतो आणि १० मीटरची वेळ फुकटात कमी होते. मग वजाबाकीही चुकते.

दुसरी, ५-०-५ मधली आधीची धाव. आरंभरेषा ० वर, गेट १० मीटरवर, वळायची रेषा १५ मीटरवर. पहिले १० मीटर पूर्ण जोर लावून यायचे असतात. हुशार मुलं तिथेच वेग राखून येतात, म्हणजे वळण सोपं जातं. आरंभरेषेवर जास्तीचं गेट लावून हे १० मीटरही मोजा. ते त्याच्या नेहमीच्या १० मीटरच्या वेळेपेक्षा ठळकपणे जास्त आले तर ती फेरी बाद धरा.

तिसरी, वळायच्या रेषेवर पाय पडला की नाही. एक माणूस खास तिथेच उभा करा. अर्धं पाऊल आधी वळला तर सहज ०.०५ सेकंद वाचतात.

गेट नसतील त्यांच्यासाठी: स्टॉपवॉचवर हे विश्लेषण करू नका. ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ विद्युत वेळेशी ताडताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. इथे आपण ०.०६ च्या फरकाबद्दल बोलतोय. त्यापेक्षा मोबाइलचं सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण बरं. एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. गेटच्या रेषेवर एक काठी रोवा, मोबाइल तिवईवर त्याच रेषेत, धावेच्या मार्गाला काटकोनात ठेवा आणि कंबर काठीला आडवी गेली ती फ्रेम मोजा. मोबाइल जरा तिरका असला तरी आकडा बिघडतो.

---

उत्तर २ – रोवलेला_पाय

वरच्या वजाबाकीत एक गोष्ट जोडतो. ती लक्षात घेतली नाही तर अ वर अन्याय होईल.

१० ते ३० मीटर हा टप्पा अ २.४८ सेकंदांत काढतो आणि ब २.६२ सेकंदांत. म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ८.०६ आणि ७.६३ मीटर. अ चा वेग साडेपाच टक्क्यांनी जास्त. पण थांबताना जी गतिज ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वजन सारखं असेल तर अ ला सुमारे ११ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. मोठं इंजिन बसवलेल्या गाडीला ब्रेक जुनेच असावेत, तशी ही स्थिती आहे. वेगवान खेळाडूची वळणाची किंमत थोडी जास्त निघणारच. ०.५८ बद्दल मला फार काळजी वाटत नाही. ०.७२ बद्दल वाटते.

आता त्याचं डाव्या पायावरचं वळण समोरून आणि बाजूने चित्रित करा आणि शेवटच्या पावलाच्या आधीचं पाऊल बघा. १८० अंशांच्या वळणात वेग तोडायचं काम मुख्यतः तिथे, आणि त्याच्याही आधीच्या एक-दोन पावलांत व्हायला हवं. त्या पावलात गुडघा वाकतो, कंबर खाली येते, आणि शेवटचं पाऊल फक्त वळून ढकलायला मोकळं राहतं.

वळणात अडकणाऱ्या खेळाडूंमध्ये नेमकं उलट दिसतं. उभ्याउभ्याच रेषेपर्यंत येतात आणि सगळा वेग शेवटच्या एका पायावर तोडतात. पाय शरीरापासून फार पुढे पडतो, गुडघा जवळपास सरळ, धड मागे किंवा बाहेरच्या बाजूला कललेलं, आणि मग गुडघा आत कोसळतो. त्या पायाला एवढा भार झेलायला वेळ लागतो, म्हणून तो जमिनीवर रेंगाळतो. कमाल वेगाने धावणाऱ्या अव्वल धावपटूचा पाय एका पावलात ०.१ सेकंदाच्या आत जमीन सोडतो, तर १८० अंशांच्या वळणात रोवलेला पाय अर्ध्या सेकंदाच्या आसपास टेकलेला असू शकतो. वळणातला वेळ तिथेच जातो. शिवाय गुडघ्यातल्या पुढच्या क्रॉस लिगामेंटवर (एसीएल) ताण येणारी स्थिती हीच, त्यामुळे प्रश्न फक्त वेळेचा नाही.

लॅडरने हे सुधारत नाही, कारण लॅडरमध्ये शरीर कायम पायांच्या वर असतं आणि पाय वर-खाली होतात. आडवा वेग इतका कमी असतो की तोडायला काही नसतंच. शिवाय नजर खाली. पायांची लय शिकवायला, लहान मुलांना ओळख म्हणून, वॉर्म-अपमध्ये तीन-चार मिनिटं ठीक आहे. त्याहून जास्त वेळ मी देणार नाही.

करून काय घ्यायचं: आधी फक्त थांबणं. ५ मीटर पाऊण जोराने धाव, रेषेवर तीन पावलांत थांब, दोन सेकंद स्थिर. गुडघा पंजाच्या रेषेत, कंबर खाली, पुढे तोल जाता कामा नये. प्रत्येक पाय पुढे ठेवून ४-५ वेळा. ते नीट जमलं की अंतर १० मीटर, मग जोर पूर्ण. बहुतेक मुलं ५ मीटरला छान थांबतात आणि १० मीटरला चौथं-पाचवं पाऊल घेतात. जिथे जादा पावलं लागायला लागतात, त्याच अंतरावर काम करा.

साधारण दोन आठवड्यांनी वळण जोडा. आधी ५ मीटर येऊन ९० आणि १८० अंश, नंतर १० मीटर येऊन. सूचना एकच द्या: "आधीच्या पावलात बस." एकाच वेळी कंबर, हात, डोकं, पंजा असं चार गोष्टींबद्दल बोललात तर मुलगा विचार करत धावतो. कमकुवत बाजूला दुप्पट फेऱ्या द्या, म्हणजे डाव्या पायावर ६ तर उजव्यावर ३.

४५ अंशांच्या आतल्या कटला (धावता धावता तिरकं वळण्याला) हे लावू नका. तिथे फार ब्रेक लागत नाही. बाहेरचा पाय शरीराच्या बाजूला रोवायचा, थोडं खाली जायचं आणि वेग टिकवून निघायचं. तिथेही बसायला शिकवलं तर मुलं विनाकारण मंदावतात. हा घोळ नेहमी होतो, कारण "खाली बस" ही सूचना सगळ्या वळणांना सरसकट दिली जाते.

आणि ताकद. ब्रेक म्हणजे लांब होत असताना भार झेलणारा स्नायू. स्प्लिट स्क्वॉटमध्ये (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं) खाली जायला ३-४ सेकंद, प्रत्येक पायाला ३ सेट, ५-६ रेप (आवर्तनं). ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उतरून एका पायावर स्थिर होणं, ३ सेट, प्रत्येकी ४. हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागचे स्नायू) नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना हळूहळू पुढे झुकणं, सुरुवातीला २ सेट, ३-४ रेप, बस. पहिल्याच दिवशी १० रेप घातले तर पुढचे दोन-तीन दिवस मांडीचा मागचा भाग इतका दुखतो की मुलं तो व्यायामच टाळायला लागतात. सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक नको.

---

बाजूरेषा

चित्रण पाहिलं. तुम्ही सांगितलं तसंच आहे: डाव्या पायावर येताना आधीच्या पावलात गुडघा वाकतच नाही, सगळं शेवटच्या पावलावर, आणि गुडघा आत जातो. उजव्या पायावर बरंच बरं.

पण एक शंका आहे. समजा हे सुधारलं आणि ५-०-५ कमी झाली. सामन्यात मात्र कुठे वळायचं हे आधी माहीत नसतं. तो भाग कसा शिकवायचा? बाजारात मिळणारे चमकणारे दिवे घ्यावेत का?

---

उत्तर ३ – कमरेवर_नजर

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ठरलेल्या जागी ठरलेल्या बाजूला वळणं हा दिशाबदल. समोर काहीतरी घडलं, ते ओळखलं आणि त्यानुसार वेग किंवा दिशा बदलली, ती चपळाई. क्रीडाशास्त्रात २००६ पासून शेपर्ड आणि यंग यांची व्याख्या वापरली जाते आणि तिचा गाभा हाच आहे: चपळाईत कशाला तरी दिलेला प्रतिसाद असायलाच हवा. त्यामुळे ५-०-५, टी-टेस्ट, इलिनॉय यांपैकी एकही चाचणी पूर्ण चपळाई मोजत नाही. ब च्या यशाचं एक कारण त्याच्या वळणात आहे, दुसरं बहुधा त्याच्या नजरेत.

दिव्यांवर खर्च करू नका. दिवा लागला की पळ, यात साधा प्रतिसाद तपासला जातो. त्यात चांगल्या आणि मध्यम खेळाडूंमध्ये फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो समोर हलणारा माणूस असताना, कारण माणूस दिशा बदलण्याआधी खुणा देतो. कसलेला बचावपटू त्या खुणा वाचतो आणि प्रतिस्पर्ध्याचा पाय पडण्याआधी त्याची हालचाल सुरू झालेली असते. दिव्याला कंबर नसते.

नजर कुठे ठेवायची? चेंडू आणि पाय फसवतात. खांदे आणि डोकंही फसवतात. कंबर फसवायला सर्वांत अवघड, कारण शरीराचं वजन तिथून हलतं. अ ची नजर सामन्यात कुठे असते ते बाजूने उभं राहून बघा. तो पायांकडे बघत असेल तर प्रत्येक हुलकावणीला बळी पडेल.

पण मला त्याहून मोठी शंका वेगळीच आहे. अ इतका वेगवान आहे की तो प्रतिस्पर्ध्याकडे पूर्ण वेगाने धावून जात असणार. शेवटचे तीन-चार मीटर त्याने वेग तोडलेला नसेल तर समोरच्याला फक्त बाजूला सरकायचं उरतं. इथे कितीही तीक्ष्ण नजर कामाची नाही, वेगच परतू देत नाही. त्याला सांगा: अंतर लवकर कापायचं, पण दोन मीटर उरले असताना पावलं छोटी, शरीर अर्धवट बाजूला वळलेलं, वजन दोन्ही चवड्यांवर. प्रतिस्पर्धी चेंडूला स्पर्श करतो त्या क्षणी पाय जमिनीवर टेकलेले हवेत. बॅडमिंटनपटू समोरचा फटका मारत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतात, ते यासाठीच. हवेत असलेल्या पायाने दिशा बदलता येत नाही.

सरावासाठी मी हे तीन घेईन.

आरसा: ४ मीटर रुंद पट्टा, दोघे समोरासमोर दीड मीटरवर. एक हलतो, दुसरा त्याच्या समोर राहतो. ५-६ सेकंद, मग ४० सेकंद विश्रांती. सहा फेऱ्या. दहा सेकंदांच्या पुढे नेलं की पाय घासत चालतात आणि वाचणं बंद होतं.

वाय: ५ मीटर सरळ धाव, पुढे ४५ अंशांवर दोन गेट. समोर उभा असलेला सहखेळाडू एका बाजूला पाऊल टाकतो, धावणारा त्याच बाजूच्या गेटमधून जातो. हाताने दिशा दाखवू नका, पूर्ण शरीराने पाऊल टाकू द्या. इथे खुणेची वेळ फार महत्त्वाची. धावणारा फाट्याच्या दीड-दोन मीटर अलीकडे असताना खूण हवी. आधी दिली तर तो ठरवून वळतो आणि व्यायाम पुन्हा साधा दिशाबदल होतो. फार उशिरा दिली तर तो अंदाज बांधायला लागतो. पाच-सहा फेऱ्यांमध्ये एखादी फेरी सरळ जाण्याची ठेवली की अंदाज बांधणं थांबतं.

एकास एक: ८ बाय ५ मीटरचा चौकोन, आक्रमकाने चेंडूसह समोरची रेषा ओलांडायची. प्रत्येक डाव ६ ते ८ सेकंदांत संपतो. अ ला पाच डाव बचावात ठेवा, आणि तीन डाव आक्रमणातही. हुलकावणी द्यायला शिकलेला खेळाडू ती लवकर ओळखतो.

---

उत्तर ४ – ताजे_पाय

व्यायामांपेक्षा मला वेळापत्रक खटकतं. सरावाच्या शेवटी २० मिनिटं, तेही आठवड्यातून तीनदा, म्हणजे थकलेल्या पायांवर. वेग आणि वळण दोन्ही ताज्या पायांवर शिकले जातात. थकल्यावर मुलं तीच हालचाल मंद आणि चुकीच्या पद्धतीने गिरवतात, आणि गुडघा आत कोसळण्याची सवय तिथेच पक्की होते. दम वाढवायचा असेल तर तो वेगळा सराव आहे, त्याला चपळाईच्या नावाखाली घालू नका.

वॉर्म-अपनंतर लगेच २५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. साधारण असं:

पहिला दिवस – १० मीटरच्या ४ धावा, प्रत्येकीनंतर एक मिनिट. मग थांबणं आणि वळणं, दोन्ही पाय मिळून १२ ते १६ जोरदार फेऱ्या, मध्ये ४५ ते ६० सेकंद. शेवटी आरसा.

दुसरा दिवस – २० मीटर धावत येऊन पुढचे २० मीटर पूर्ण वेगाने, अशा ३ धावा, मध्ये तीन ते चार मिनिटं. मग वाय आणि एकास एक.

एवढी विश्रांती प्रशिक्षकांना वाया गेल्यासारखी वाटते. पण पूर्ण जोराच्या धावेला लागणारं क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात साधारण निम्मंच भरून येतं, बाकीला काही मिनिटं लागतात. विश्रांती कापली की चौथी धाव वेगाची राहतच नाही. गेट आहेतच तुमच्याकडे, तर साधा नियम ठेवा: त्या दिवशीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा एखादी फेरी ३-४ टक्के जास्त आली की तो व्यायाम तिथे थांबवा. १.८० च्या मुलासाठी हा आकडा १.८६ च्या आसपास येतो.

दुसऱ्या दिवसाची कमाल वेगाची धाव काढू नका, अ ला सरळ वेग आधीच आहे म्हणून तर मुळीच नाही. हॅमस्ट्रिंगला पूर्ण वेगाची सवय राहायला आठवड्यातून एकदा तरी तो वेग लागतो. फक्त एक लक्षात असू द्या, की फुटबॉलमध्ये कमाल वेगापर्यंत पोचायची वेळ कमी येते. उसेन बोल्टच्या २००९ च्या बर्लिनमधल्या ९.५८ सेकंदांच्या धावेत पहिल्या १० मीटरला १.८९ सेकंद लागले, त्यात ०.१४६ सेकंद बंदुकीला प्रतिसाद देण्याचे. त्याचा सर्वांत वेगवान टप्पा ६० ते ८० मीटरचा होता, १.६१ सेकंदांचा. बचावपटूची बहुतेक धाव त्याच्या खूप आधी संपते, म्हणून पहिले १० मीटर आणि थांबण्याचे शेवटचे ५ मीटर यांना जास्त वेळ द्या. (बोल्टचे १.८९ आणि अ चे १.८० यांची तुलना कुणी करू नये. गेटवर प्रतिसादाची वेळ मोजली जात नाही आणि खेळाडू गेटच्या मागून हलत येतो.)

वयाबद्दलही बघा. मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी १४ च्या आसपास असतो, पण काहींमध्ये तो उशिरा येतो. दर महिन्याला उंची मोजा. अ ची उंची सध्या भराभर वाढत असेल तर पाय लांब झाले आहेत आणि त्यांवरचा ताबा अजून यायचाय. अशा काळात वळणाची वेळ काही महिने थांबते किंवा किंचित वाढतेही. तेव्हा जोरदार थांबण्याच्या फेऱ्या कमी करा, गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखतंय का ते विचारत राहा, ताकदीचं काम हलक्या भाराने चालू ठेवा.

---

बाजूरेषा

गेल्या वर्षभरात अ ची उंची ७ सेंटिमीटर वाढली आहे. म्हणजे थांबण्याच्या फेऱ्या किती ठेवू? आणि पुन्हा चाचणी कधी घेऊ?

---

उत्तर ५ – घड्याळ_आणि_फीत

वर्षाला ७ म्हणजे वाढ अजून जोरात आहे. १६ ऐवजी ८ ते १० फेऱ्यांवर सुरू करा, पहिले तीन आठवडे १० मीटरच्या धावेवरून थांबणं नकोच, ५ मीटर पुरे. उंची दर महिन्याला मोजताना सकाळची एकच वेळ ठेवा, संध्याकाळपर्यंत माणूस एखाद सेंटिमीटरने कमी भरतो.

चाचणी सहा आठवड्यांनी. तीच जागा, तेच बूट, मैदान तितकंच कोरडं, आदल्या दिवशी सामना नाही. प्रत्येक बाजूला तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं. आजच त्याच्या तीन-तीन फेऱ्या घेऊन सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळेतलं अंतर लिहून ठेवा. समजा डाव्या पायावर ते ०.०४ असेल, तर सहा आठवड्यांनंतरची ०.०३ ची सुधारणा सुधारणा म्हणून धरू नका. डावा पाय २.४५ च्या खाली आला आणि १० मीटर १.८० च्या आसपासच राहिले, तर ब्रेक लागायला लागला असं म्हणता येईल. चित्रणात आधीच्या पावलातला गुडघा मात्र दर आठवड्याला बघा, तो बदल घड्याळाच्या आधी दिसतो.